मिठीत न सापडणारं म्यान

ऑर्व्हल टीग चर्चच्या दारात उभा राहायला लागला तो काही देवानं हाक मारली म्हणून नाही. एकोणीस वर्षांपूर्वी दाराची वरची बिजागरी तुटली, दार वाऱ्यानं आपटायला लागलं, आणि गावातला सगळ्यात वजनदार माणूस म्हणून पाद्रीसाहेबांनी त्याला दाराला टेकवून ठेवलं. नुसतं टेकून काय उभं राहायचं, म्हणून येईल त्याला तो मिठी मारायला लागला. बिजागरी आठवड्यात दुरुस्त झाली. ऑर्व्हल मात्र तिथून हलला नाही.

आठवड्याचे सहा दिवस तो गॅसचा ट्रक घेऊन मिझूरी राज्यातल्या आमच्या डोंगरांतून हिंडायचा आणि घराघरांमागच्या टाक्या भरायचा. सातव्या दिवशी दारात. लहान मुलांच्या डोक्यावर हात, पुरुषांच्या पाठीवर दोन थापा, आणि विधवांना मनातल्या मनात तीन आकडे मोजेपर्यंत मिठी, असा त्याचा हिशेब ठरलेला. त्याच्या बापानं जन्मात त्याला कधी जवळ घेतलं नव्हतं. शेवटच्या आजारातसुद्धा बाप हात मिळवूनच गेला. ऑर्व्हल त्याबद्दल बोलायचा नाही, पण बायकोला एकदा म्हणाला होता, "नॅडीन, रविवारी येतात ना लोक, तेव्हा निम्म्यांच्या टाकीत पाच टक्केसुद्धा उरलेलं नसतं. तोंडावरून टाकीचा काटा दिसतो मला."

अशा या माणसाच्या मिठीवर जानेवारी महिन्यात संक्रांत आली.

चर्चची सुरक्षा समिती स्थापन झाली. स्थापन केली रॉडनी प्रुइटनं, अध्यक्षही तोच. रॉडनी विमा विकायचा. त्यामुळे जगात काय काय वाईट होऊ शकतं याचा त्याचा अभ्यास दांडगा. त्यात शहरात जाऊन सुरक्षेचा तीन दिवसांचा वर्ग करून आला होता, आणि तेव्हापासून तो हॉटेलात भिंतीकडे पाठ करूनच बसायचा. पहिल्याच बैठकीत त्यानं दोन नियम सांगितले. दारातल्या माणसाजवळ पिस्तूल पाहिजे. आणि ते आहे हे कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये.

"मग मिठ्यांचं काय?" ऑर्व्हलनं विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे, ब्रदर ऑर्व्हल. तुम्ही रविवारी शंभर माणसांना कवटाळता. शंभर माणसं तुम्हाला चाचपून जातात. तुम्हाला मिठीत न सापडणारं होल्स्टर लागेल, पिस्तुलाचं म्यान. ईस्टरपर्यंत मिळालं तर ठीक. नाहीतर तुम्ही नारिंगी जाकीट घालून गाड्या लावून घ्या, दारात मी उभा राहतो."

रॉडनी हात मिळवायचा तोसुद्धा लहान मासा परत पाण्यात सोडावा तसा. तो दारात उभा राहणार या कल्पनेनंच ऑर्व्हलला रात्री जेवण गेलं नाही.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, की पिस्तूल घेऊच नये, झालं. पण आमच्या तालुक्यात असा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. समितीत सात माणसं होती, सातही जण पोटतिडकीनं बोलले, आणि सातही जण होल्स्टरबद्दलच बोलले. कुणी म्हणालं कातड्याचं घे, कुणी म्हणालं कडक प्लास्टिकचं, कुणी म्हणालं आधी पट्टा चांगला घे, पट्टा ढिला तर सगळं ढिलं. ऑर्व्हलकडे लहानपणापासून बंदुका होत्या, हरणाची शिकार दरवर्षी व्हायची, पण कमरेला रोज पिस्तूल लावून हिंडायची त्याला सवय नव्हती. त्याला वाटलं, म्यानच ते, दुकानात जाऊ आणि आणू. तलवार विकत घेणाऱ्यालाही असंच वाटत असेल.

पहिलं त्यानं प्रदर्शनातून आणलं. कापडी, स्वस्त, वर लिहिलेलं की सगळ्या पिस्तुलांना बसतं. जे सगळ्यांना बसतं ते कुणालाच बसत नाही हे लग्नाच्या कोटावरूनच कळायला हवं होतं. घरी पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, तो स्वयंपाकघरात सरावाला उभा राहिला. झटक्यात हात घातला आणि पिस्तूल बाहेर आलं ते कापडी म्यानासकट. फ्रीजवर रोखलेला तो मोजा बघून नॅडीन म्हणाली, "शरण आलाय बघ फ्रीज. आता त्यातलं लोणी काढून दे."

दुसरं कडक प्लास्टिकचं, पँटच्या आत, पुढच्या बाजूला घालायचं. चाप पूर्ण झाकलेला, पिस्तूल आत गेलं की टक् असा आवाज. रॉडनीचा या जातीवर फार जीव. पण रॉडनीचं पोट सपाट होतं. ऑर्व्हल ट्रकमध्ये बसला की मूठ बरगडीत आणि नळी नको तिथं. टाकीला पाइप जोडायला वाकला की श्वास बंद. तीन गिऱ्हाइकांनी त्या आठवड्यात त्याला पाणी आणून दिलं. नॅडीननं एकदा चष्मा लावून नीट निरखलं आणि विचारलं, "ते नेमकं कशावर रोखलंय, बघितलंस का? मला काय, आपल्याला दोन मुलं झालीत. तुझं तू बघ."

तिसरं घोट्याला बांधायचं. ते लावून तो पायात दोरी अडकलेल्या कोंबडीसारखा चालायला लागला. चौथं बगलेत अडकवायचं, ते तर मिठीत पहिल्यांदा हाताला लागणार. पाचवं रुंद लवचिक पट्ट्याचं, पोटाभोवती गुंडाळून बसवायचं, आत खिसा. ते अंगाला छान बसायचं, पण पिस्तुलाच्या वजनानं दुपारपर्यंत घसरून मांडीवर यायचं. अशी एकेक करून सगळी पलंगाखालच्या खोक्यात गेली. असं खोकं आमच्याकडे घराघरात आहे. त्यात दहा-बारा नापास होल्स्टरं असतात आणि ते बायकोला दाखवत नाहीत. रॉडनीची अशी दोन खोकी होती, पण अध्यक्ष असल्यामुळे तो त्याला संशोधन म्हणायचा.

सहावं कातड्याचं, उजव्या कमरेवर, थोडं पुढे. पुष्कळच बरं. शर्ट बाहेर सोडला, वर एक माप मोठं जाकीट घातलं की लांबून काही कळायचं नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी ऑर्व्हल ते लावून दारात उभा राहिला. चाळीस मिठ्या निभावल्या. एक्केचाळिसावी मॅक्सीन बॉग्जची होती.

मॅक्सीन, आमच्या चर्चच्या रिवाजानं सिस्टर मॅक्सीन, चौऱ्याऐंशी वर्षांची, उंचीनं ऑर्व्हलच्या छातीला लागणारी. तिची मिठी वरून नाही, कमरेतूनच पडायची. तिचा हात बरोबर तिथं गेला. तिनं एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. मग वर बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आतडं कापल्यावर पोटाला लावतात ती पिशवी ना रे, बाळा? माझ्या भावाला होती. कधी झालं ऑपरेशन?"

ऑर्व्हलनं मागे बघितलं. रॉडनी खांबाआडून नकाराची मान हलवत होता. कुणालाही कळता कामा नये. ऑर्व्हल खोटं बोलायला कच्चा होता, म्हणून तो काहीच बोलला नाही. आमच्याकडे आजारी माणूस काही बोलला नाही तर आजार मोठा समजतात.

चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी आहे. एकीनं दोघींना फोन करायचा, दोघींनी चौघींना, आणि सगळ्यांनी त्या माणसासाठी प्रार्थना करायची. देवापर्यंत बातमी कधी पोचते माहीत नाही, गावात दीड तासात पोचते. ऑर्व्हल जेवायला बसेपर्यंत त्याचं आतडं कापून झालेलं होतं. चार वाजता पहिली परात आली, चिकन आणि नूडल्स, वर चीज. अंधार पडेपर्यंत अकरा. नॅडीननं फ्रीजर भरला, शेजारणीचा फ्रीजर भरला, आणि मग दाराला कडी लावून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुला काय झालंय हे मला परातींवरून कळायचं का?"

ऑर्व्हलनं तिला खरं सांगितलं. नवरा-बायको म्हणजे एकच देह असं बायबलातच लिहिलंय, तेव्हा नियम मोडला नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. नॅडीन हसून हसून ओट्याला टेकली. मग म्हणाली, "सांगून टाक ना सगळ्यांना."

"सांगितलं तर दारात पिस्तूल आहे हे कळेल. मग मी गाड्यांपाशी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग पिशवी."

पुढच्या रविवारपासून मिठ्याच बदलल्या. लोक त्याला लांबून, खांद्यानं खांदा लावून, फुटका माठ उचलावा तसे धरायला लागले. ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच हातातून गेलं. ऑर्व्हल हिरमुसला. रॉडनी मात्र खूश. "याहून चांगलं सोंग शोधून सापडलं नसतं, ब्रदर ऑर्व्हल. तिथं आता कुणी हात लावायचा नाही." तरी ईस्टरची अट कायमच होती, कारण ईस्टरला बाहेरगावचे नातेवाईक येतात आणि त्यांना पिशवीचं माहीत नसतं.

मार्चच्या सुरुवातीला ऑर्व्हल डेल्मर यंटच्या घरी गॅस भरायला गेला. डेल्मर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. तोंड असं चालायचं की बैलांनासुद्धा आपली किंमत वाढल्यासारखी वाटायची. बायको जाऊन चार वर्षं झालेली. तो ऑक्टोबरपासून चर्चला आला नव्हता, बाजारातही नाही. गुडघा दुखतो म्हणायचा. एरवी ऑर्व्हल टाकी भरून दारात कागद खोचून जायचा. आज डेल्मर स्वतः बाहेर आला, टाकीपाशी उभा राहिला, आणि टाकीवरच्या काट्याकडे बघायला लागला.

"तुझं ऐकलं," तो म्हणाला.

"हं," ऑर्व्हल म्हणाला.

"माझीपण आहे. ऑक्टोबरपासून. डाव्या बाजूला." त्यानं शर्टावरून हात ठेवला आणि लगेच काढला. "कुणाला सांगितलं नाही. मुलीलासुद्धा अर्धंच सांगितलंय. प्रार्थनेला सगळे गप्प बसतात ना, तेव्हाच ती आवाज करणार, मला माहीत आहे. आणि वास. लोक काय म्हणतील? मग ऐकलं, ऑर्व्हलला आहे, आख्ख्या गावाला माहीत आहे, आणि तरी दर रविवारी दारात उभा राहतो. हे कसं जमतं रे तुला?"

ऑर्व्हलच्या हातात गॅसचा पाइप होता. खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण डेल्मरचं तोंड त्यानं बघितलं. काटा तळाला गेला होता.

"सवय होते," तो म्हणाला, आणि स्वतःचाच राग येऊन त्यानं पाइप जरा जास्तच जोरात गुंडाळला.

"तू लावतोस कशानं? माझी घसरते. बसलो की टोचते. पट्टा त्यावरच येतो."

आता हा प्रश्न कुणी ऑर्व्हल टीगला विचारावा? दोन महिने तो दुसरं काही करतच नव्हता. त्याचं तोंड आपोआप उघडलं. "पट्टा दोन बोटं खाली घे. पँट एक माप मोठी घ्यायची, लाज नाही बाळगायची. शर्ट बाहेर. एका रंगाचा नको, चौकडीचा घे, चौकडीत उठून दिसत नाही. अंगाला आणि त्याला मधे कापड पाहिजे, नाहीतर घामानं कातडी सोलवटते. बसताना आधी डावा पाय पुढे. आणि सारखा हात लावून बघू नकोस. आपण हात लावतो म्हणून लोकांचं लक्ष जातं."

डेल्मर शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. "किती दिवस झाले रे तुला? तू तर डॉक्टरपेक्षा जास्त सांगतोस."

ऑर्व्हल संध्याकाळी डेल्मरकडे परत आला तो पलंगाखालच्या खोक्यातलं पाचव्या नंबरचं घेऊन, तो लवचिक पट्टा. आतला खिसा नॅडीननं उसवून मोठा करून दिला होता. टाके नेहमीपेक्षा बारीक घातले होते. डेल्मर न्हाणीघरात जाऊन पट्टा बांधून आला. चालून बघितलं. वाकून बघितलं. खुर्चीत बसला, उठला. मग उगाचच हात वर करून बाजारातली एक आरोळी ठोकली, आणि आपल्याच आवाजानं दचकला. पट्टा तसूभर हलला नाही. पिस्तूल ज्याला जड झालं तो पट्टा त्याच्या पिशवीला असा बसला, जणू तिच्यासाठीच विणलेला.

"ईस्टरला येईन," डेल्मर म्हणाला. "पण दारात तू असलास तरच. बाकीच्यांच्या हातात हात द्यायला मला नाही जमणार आत्ता. त्या रॉडनीचं तोंड दिसलं तर मी तिथूनच परत फिरेन."

म्हणजे आता दार नुसतं ऑर्व्हलचं राहिलं नव्हतं. त्यानं उरलेले तीन आठवडे होल्स्टर असं शोधलं की मुलीला स्थळसुद्धा कुणी इतकं बघत नाही. शेवटी तीन तालुके ओलांडून एक म्हातारा सापडला, जो घोड्याच्या कातड्याचं, माणसाच्या अंगाचं माप घेऊन होल्स्टर शिवायचा. त्यानं ऑर्व्हलचं पोट चारी बाजूंनी बघितलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, "आव्हान आहे. पण करू." ईस्टरच्या आदल्या दिवशी ते आलं. उजव्या कमरेच्या पुढे, चपटं, नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत, ना कडा, ना करकर. नॅडीननं सहा वेळा मिठी मारून बघितली. सहाव्या वेळी म्हणाली, "नाही कळत. खरंच नाही कळत." तिनं लगेच सोडलं मात्र नाही.

ईस्टरच्या सकाळी रॉडनीनं स्वतः परीक्षा घेतली, आणि मग सगळ्यात मोठी परीक्षा आली, सिस्टर मॅक्सीन. तिनं नेहमीच्या जागी हात घातला, चाचपलं, आणि तिचा चेहरा उजळला. "काढली का रे पिशवी? देवाची कृपा." ऑर्व्हल पुन्हा काहीच बोलला नाही, आणि दहा मिनिटांत चर्चभर तो बराही झाला. लोक त्याला पूर्वीसारखे घट्ट भेटायला लागले. रॉडनीनं खांबाआडून अंगठा वर केला. दार त्याचं, मिठी त्याची, पिस्तूल कमरेला. तीन महिन्यांत एवढं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात डेल्मरची जुनी निळी गाडी आवारात शिरली.

ऑर्व्हलनं मनातल्या मनात त्याला मिठी मारून बघितली, जशी दोन महिने तो प्रत्येकाला मारून बघत होता. समोरासमोर दोन माणसं. आपली उजवी बाजू, त्याची डावी. आपलं लोखंड बरोब्बर त्याच्या पिशवीवर. होल्स्टर कितीही गुळगुळीत असलं तरी आत पिस्तूलच. मॅक्सीनच्या हाताला कळलं नव्हतं, डेल्मरच्या पोटाला कळणार होतं.

"रॉडनी, दार धर," तो म्हणाला.

"का? धोका आहे का?" रॉडनीचा हात कमरेकडे गेला.

"आहे. मीच आहे. पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून येतो."

"आणि मग दारात?"

"मीच. त्याच्याशिवाय."

रॉडनी असा बघत राहिला, जणू ऑर्व्हल पँट काढून ठेवतो म्हणाला होता. "तसं करता येतं?" त्यानं विचारलं. तीन महिन्यांत, सात माणसांत, हा प्रश्न पहिल्यांदाच निघाला होता. ऑर्व्हल पायऱ्या उतरून आवाराच्या टोकाला आपल्या ट्रककडे पळाला. दार उघडलं, पिस्तूल म्यानासकट पेटीत ठेवलं, किल्ली फिरवली, आणि मान वर केली तर डेल्मरच्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले होते. त्याला दारात रॉडनी दिसला होता.

अठ्ठावन्न वर्षांचा, सव्वाशे किलोचा माणूस ईस्टरच्या कपड्यांत खडीवरून धावला. गाडी मागे येत होती, तो तिच्या बाजूनं जाऊन काचेवर थापा मारायला लागला. डेल्मरनं ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"दारात तू नाहीस."

"होतो. आहे. उतर."

डेल्मर उतरला. नवा चौकडीचा शर्ट, पँट एक माप मोठी. त्यानं ऑर्व्हलच्या कमरेकडे बघितलं. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि तिथं काहीच नव्हतं. डेल्मर गावातला माणूस होता, बघायचं कुठं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"तुझी पिशवी कुठंय?"

ऑर्व्हलला दम लागला होता. "नव्हतीच कधी. पिस्तूल होतं, डेल्मर. दारातल्या माणसानं ठेवायचं असं ठरलं होतं आणि कुणाला सांगायचं नव्हतं. मॅक्सीनचा हात लागला आणि मी गप्प बसलो. तुझ्या घरीसुद्धा गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते."

चर्चमधून बायकांचं पहिलं गाणं सुरू झालं. डेल्मर गाडीच्या दाराला धरून उभा होता.

"मी तुझ्या पिशवीच्या भरवशावर आलो रे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग आज पिस्तूल कुठंय?"

"ट्रकमध्ये ठेवलं. तुला लागलं असतं."

डेल्मरनं ट्रककडे बघितलं, मग दाराकडे, जिथं रॉडनी कुणाचातरी हात मिळवून सोडून देत होता. मग त्यानं गाडीची किल्ली काढून खिशात टाकली, आणि दोन्ही हात थोडे बाजूला केले.

"मला माझी ट्रकमध्ये ठेवता येत नाही," तो म्हणाला. "जरा माझ्या उजव्या बाजूनं धर."